मदत हवी आहे: नॅरेटिव्ह थेरपीच्या सरावात 'वेगळा प्रसंग' सापडल्यावर पुढे काय विचारता?

काउन्सेलिंग शिकतेय, सध्या मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या नॅरेटिव्ह थेरपीचा (माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो ती संवादातून नव्याने मांडायची पद्धत) सराव चालू आहे. प्रॉब्लेम माणसापासून वेगळा काढणं जमायला लागलंय, म्हणजे समोरच्याच्याच शब्दांत त्याला नाव द्यायचं (उदा. 'चिडचिड'), मग ती चिडचिड घरात, कामात, नात्यांत काय काय करते, ते तुम्हाला चालतं का, नसेल तर का नाही, इथवर गाडी नीट जाते. अडतं त्यानंतर. चिडचिडीचं काही चाललं नाही असा एखादा प्रसंग (हाच तो 'वेगळा प्रसंग') निघतो, मी विचारते हे कसं जमलं, आणि उत्तर येतं 'काही नाही हो, त्या दिवशी मूड बरा होता.' संपलं!

बारीक प्रश्न विचारून पाहिले (आधी काय झालं, सोबत कोण होतं, काय ठरवलंत) तर नुसती हकिगत मिळते. थेट 'यातून तुमच्याबद्दल काय कळतं' म्हटलं की समोरचा गप्प, नाहीतर मला बरं वाटेल असं काहीतरी बोलतो. कौतुक मुद्दाम टाळतेय, कारण मग गोष्ट त्याची राहत नाही, माझी होते.

सराव सहविद्यार्थ्यांसोबत रोलप्लेमध्येच आहे, खरे क्लायंट नाहीत. सुपरव्हिजन (अनुभवी काउन्सेलरचं मार्गदर्शन) मिळतं पण वेळ फार थोडा असतो. थिअरी वाचून झालीये त्यामुळे पुस्तकं नकोत, आणि सीबीटीवाले (विचार आणि वर्तन बदलायच्या थेरपीतले) उपायही नकोत प्लीज, प्रत्यक्ष तोंडी येणारी वाक्यं हवीत.

तर कृतीवरून त्या माणसाला काय महत्त्वाचं वाटतं तिकडे जाताना मधले प्रश्न कोणते विचारता, आणि 'मूड बरा होता' ऐकल्यावर तुमचं पुढचं वाक्य नेमकं काय असतं?