विषय: सिएनाचा पालिओ, १६ ऑगस्ट

मिलानहून:

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये सासूबाई नाशिकहून येताहेत. १६ तारखेला सिएनाला घोड्यांची शर्यत असते असं ऐकलं. सकाळी गाडीनं निघायचं, शर्यत बघायची आणि रात्री परत, असा बेत आहे. सोबत सहा वर्षांची लेक. तिकीट कुठं काढायचं आणि किती वाजता पोचलं म्हणजे पुरे? कुणी पाहिली असेल तर कळवा.

सिएनाहून:

ताई, नमस्कार.
एवढाच बेत असेल तर येऊ नका, हे कळकळीनं सांगतो. शर्यत जेमतेम सव्वा मिनिटाची. काम्पो चौकाला तीन फेऱ्या, की संपलं. चौकाच्या मध्यात उभं राहून फुकट बघता येतं, पण दुपारपासून उन्हात उभं राहायचं, आणि एकदा वाटा बंद झाल्या की शर्यत होईपर्यंत बाहेर पडायला जागा नाही. आत संडासाची सोय नाही. सासूबाईंना आणि लेकीला ते झेपायचं नाही. सज्जातल्या जागा फार महाग, आणि कधीच्या गेलेल्या असतात.

तुम्ही १३ तारखेला या, जमलं तर १६ पर्यंत राहा. पालिओ खरा त्या दिवशी सुरू होतो. सिएनात १७ पेठा आहेत, त्यांना कोन्त्रादा म्हणतात. रुंदी कमी म्हणून एका वेळी दहाच धावतात. शर्यत वर्षातून दोनदा, २ जुलैला आणि १६ ऑगस्टला. गेल्या वर्षी त्या महिन्यातल्या शर्यतीत ज्या सात धावायच्या राहिल्या त्या हक्कानं, आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून. कुठल्या पेठेला कुठला घोडा, हे १३ ला चिठ्ठीनं ठरतं. घोडा पेठेचा नसतोच. नशिबात येईल तो घ्यायचा, आणि तो जखमी झाला तर बदली मिळत नाही, पेठ त्या शर्यतीतून बाद. चांगला घोडा निघाला की त्या पेठेची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. लंगडं नशीब निघालं की हजार माणसं एकदम गप्प होतात. मग मोतद्दार लगाम धरून घोड्याला पेठेत घेऊन जातो, मागून सगळी पेठ गात निघते. पुढचे चार दिवस हा मोतद्दार घोड्याशेजारीच झोपतो. त्या संध्याकाळपासून सरावाच्या सहा फेऱ्या होतात, रोज दोनदा. त्या लेकीला सुखानं बघता येतील.

माझं बिऱ्हाड किओच्चोला पेठेत, म्हणजे गोगलगायीच्या. धाकटा इथंच जन्मला. शेजारच्या आजींनी विचारलं, पेठेत घ्यायचं ना याला? माझ्या आईनं गावाहून फोनवर धसका घेतला, नातू ख्रिस्ती होतोय की काय! तसं काही नसतं. पेठेच्या कारंज्यापाशी पेठेचे प्रमुख मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडतात आणि गळ्यात पेठेच्या रंगांचा रुमाल बांधतात. चर्चचा बाप्तिस्मा वेगळा. रुमाल बांधून झाल्यावर त्या आजींनी त्याची गाठ दोन बोटांनी दाबून पाहिली, आपण पोराच्या टोपीची दोरी बघतो तशी. तेव्हापासून या गल्लीत आम्ही भाडेकरू राहिलो नाही.

१६ तारखेला दुपारी घोड्याला पेठेच्या देवळात नेतात. पुजारी आशीर्वाद देतो आणि शेवटी म्हणतो, ‘जा, आणि जिंकून ये.’ तोवर कुणी हूं की चूं करत नाही, घोडा बुजेल म्हणून. त्यानं तिथंच लीद टाकली तर शुभ मानतात. ही वेळ मात्र चुकवू नका, चौकात नाही गेलात तरी चालेल.

तोरिनोहून:

काका, वाचून अंगावर काटा आला. पण एक विचारतोच. माझं आजोळ जुन्नरकडचं, दावणीला गाड्याचे बैल असायचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा आजोबा शर्यतीच्या घाटाकडे पाठ करून बसायचे. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ मध्ये निकाल पक्का झाला. दोन्ही बाजू मी घरातच ऐकल्यात. सिएनात घोडे मरतात, ते तुम्हाला बघवतं का?

सिएनाहून:

नाही बघवत. २०१८ च्या ऑक्टोबरात पहिलं महायुद्ध संपल्याच्या शताब्दीसाठी खास पालिओ झाला. तार्तुका, म्हणजे कासवाच्या पेठेचा घोडा स्वार पडल्यावर एकटा धावत पहिला आला. नियमानं जिंकतो तो घोडाच, पाठीवर कुणी असो वा नसो. त्याच शर्यतीत जिराफाच्या पेठेचा राओल जखमी झाला आणि त्याला मारावं लागलं. धावपट्टीवरचं सान मार्तिनोचं वळण उताराचं आणि जवळजवळ काटकोनाचं आहे, घोडे बिनखोगीर, स्वार पगारी. तिथं आता गाद्या लावतात, आधी पशुवैद्यांची तपासणी होते, शुद्ध जातीचे नाजूक घोडे घेत नाहीत, निवृत्त घोड्यांना पाळायची सोय आहे. धोका कमी झालाय, गेलेला नाही. प्राणिमित्रांचा विरोध मी खोटा मानत नाही. त्यांनी आवाज उठवला नसता तर हे बदल इतक्या लवकर आले नसते, असं मला वाटतं.

तरीही मी जातो. कारण सांगतो. बक्षीस म्हणजे रंगवलेलं एक रेशमी निशाण, त्याला प्रेमानं ‘चेंचो’ म्हणतात, म्हणजे चिंधी. ज्या पेठेला सर्वात जास्त वर्षं ते मिळालेलं नाही तिला ‘नोन्ना’ म्हणतात, आजी. लांडगिणीची पेठ, लुपा, १९८९ पासून अशीच वाट बघत होती. २०१६ च्या जुलैत ती जिंकली, आणि त्याच ऑगस्टात पुन्हा! सत्तावीस वर्षांची पोरं जुलैतल्या त्या रात्री जन्मात पहिल्यांदा जिंकली होती. एक म्हातारे गृहस्थ निशाणाची कड गालाला लावून उभे होते, बोलत काहीच नव्हते.

मिलानहून:

काका, १३ चं ठरलं. पाऊस आला तर? आणि परतीच्या वाटेवर आरेत्सो थांबावं का?

सिएनाहून:

मातीच्या धावपट्टीवर पाणी साचलं तर नगरपालिकेच्या इमारतीवर हिरवं निशाण लागतं, म्हणजे शर्यत पुढं ढकलली. २०२४ च्या जुलैत २ तारखेची शर्यत ४ ला झाली. एखादा दिवस हाताशी ठेवा.

आरेत्सोला जरूर थांबा, पण त्यांची भाल्यांची स्पर्धा जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असते, त्यामुळे तुम्हाला फक्त चौक दिसेल. चार वेशींचे स्वार उतरत्या चौकात घोडा फेकत एका लाकडी पुतळ्याच्या ढालीवर भाला मारतात. पुतळा गरकन फिरतो आणि हातातल्या लोंबत्या गोळ्यांनी स्वाराला फटका देऊ शकतो. पुतळ्याचं नाव बुरात्तो, पदवी ‘रे देल्ले इंदिए’, इंडीजचा राजा! सासूबाईंना नक्की सांगा. जुना खेळ, १९३१ मध्ये पुन्हा सुरू केलेला, जिंकणाऱ्याला सोन्याचा भाला.

१३ ला सकाळी फोन करा. काम्पोत उतरायच्या आधी घरी या, सासूबाईंसाठी पोहे टाकतो. धाकटा लेकीला कारंजं दाखवील. दुसऱ्या पेठेच्या रंगाचा रुमाल मात्र तिच्या गळ्यात घालून आणू नका, विशेषतः कासवाचा. आमचं आणि त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर आहे.