बहीण बाळंत होऊन नऊ आठवडे झाले, अजून सावरत नाही. काय करू? (सोलापूर)

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात आली आहे. बाळ गुटगुटीत आहे. सुरुवातीला ती रडायची तेव्हा आम्ही काळजी केली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं रडू येतं आणि दोन आठवड्यांत निवळतं, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. हिचं निवळलं नाही, वाढतच गेलं.

बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. पहाटे तीनला उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. डिंकाचे लाडू डब्यात तसेच. शेंगाचटणी म्हणजे जिचा जीव की प्राण, ती दोन घासांत ताट सरकवते. पण कुणी बाळ बघायला आलं की केस विंचरून हसत बसते. त्यामुळे माझं कुणाला पटत नाही. आई म्हणते दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. मला आईचा राग येत नाही, तिने शेक-शेगडीत तसूभर कमी केलेलं नाही.

परवा बाळाला न्हाऊ घालताना बहीण म्हणाली, "ताई, मी नसले तरी तू याला नीट सांभाळशील ना?" माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

काल तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावलीचे (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी वापरतात ती) 10 प्रश्न भरून घेतले. 30 पैकी 19 आले. स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा शेवटचा प्रश्न आहे, तिथे तिने 'कधीकधी' लिहिलं.

गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागेल, अशी आईला भीती आहे. खरंच तसं असतं का? आणि न्यायचं कुठे?

प्रतिसाद :

ताई, त्या वाक्यानंतर एक दिवसही थांबू नका. आजच न्या. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, नाहीतर प्रसूती केलेल्या डॉक्टरांनाच आधी फोन करा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, मोफत आहे, मराठीत बोलतात. तोवर तिला एकटी ठेवू नका, औषधांचा डबा कुलपात ठेवा. भास व्हायला लागले, भलतंसलतं बोलू लागली तर तडक दवाखाना गाठा.

दुधाचं म्हणाल तर मला सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी दिली होती. ती दुधात फार कमी उतरते, मी पाजणं थांबवलं नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासायला सांगा, त्यांच्यामुळेही असं होऊ शकतं. रात्रीचं एक पाजणं वरच्या दुधावर काढून तिला सलग चार-पाच तास झोपू द्या.

आईंना सोबत घेऊन जा. माझ्या सासूबाईंना माझं पटलं नव्हतं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि घरी येऊन त्यांनीच बाळाला रात्री आपल्याजवळ घेतलं.