पहिला कॅमेरा: एसएक्स७४० की जी७ एक्स मार्क टू?

खिडकीपाशी:
मंडळी, महिनाभर रोज रात्री तेच दोन कॅमेरे उघडून बसते आणि झोपताना आदल्या रात्रीइतकीच गोंधळलेली असते. आजवर फोनशिवाय कशानेच फोटो काढलेले नाहीत. दोन्ही कॅननचेच आहेत, पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस आणि पॉवरशॉट जी७ एक्स मार्क टू. पहिल्यात झूम ४० पट, दुसऱ्यात जेमतेम ४.२ पट. मेगापिक्सेल दोन्हीकडे २० च्या आसपास, बॅटरी तीच, वजनही उन्नीस-बीस. मग दुसऱ्याचं एवढं कौतुक कशाचं?

काढायचं काय, तर लेक. साडेतीन वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही. शिवाय समोरच्या झाडावर एक खंड्या येऊन बसतो, फोनमध्ये तो फक्त निळा ठिपका दिसतो. नवरा म्हणतो, झूम नसेल तर फोन काय वाईट आहे? मला यावर उत्तर सुचत नाही.

जुनी रीळ:
मेगापिक्सेल सारखे आहेत, पण ते बसवलेत केवढ्याशा जागेत ते बघा. एसएक्स७४० चा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) ६.१७ × ४.५५ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. जी७ एक्सचा १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळ चौपट झालं. (याला ‘१ इंची’ म्हणतात, पण तिरका मोजला तरी तो १६ मिमीच भरतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून पडलेलं नाव आहे, चिकटलं ते चिकटलं.)

आता भिंग. झूम न करता जी७ एक्सचं एफ/१.८ पर्यंत उघडतं, एसएक्सचं एफ/३.३. आकडा लहान तितकं भोक मोठं. उजेडाचा फरक तिपटीहून जास्त. घरात संध्याकाळी एका फोटोला जी७ एक्सला १/१२५ सेकंद पुरत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर (म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता तीच ठेवून) एसएक्सला १/४० च्या आसपास लागतील. तेवढ्या वेळात पेपर वाचणारे आजोबा नीट येतात. तुमची लेक येणार नाही.

मी स्वतः ठेचकाळलोय म्हणून एवढं लिहितोय. पहिला कॅमेरा झूम बघूनच घेतला होता (कुठला ते जाऊ दे). भाचीच्या नाटकाला शेवटच्या रांगेत बसून झूम पार टोकापर्यंत ताणला. ९३ फोटो काढले. भाचीच्या चेहऱ्याच्या जागी प्रत्येक फोटोत एक फासलेला पांढरा पट्टा, आणि मागचा पडदा मात्र शिवण मोजता येईल इतका स्पष्ट. बहिणीने पडद्याचं कौतुक केलं.

रानभूल:
झूमला इतकंही बदनाम करू नका हो! माझ्याकडे एसएक्स७४० आहे. सकाळच्या लख्ख उन्हात खंड्याची चोचसुद्धा टिपतो, चंद्रावरचे खड्डे तर पोरंसोरंही काढतात.

पण ताणल्यावर भिंग एफ/६.९ वर येतं, त्यामुळे ढगाळ दिवशी पिसांचा लगदा होतो. आणि ९६० मिमीला, म्हणजे झूमच्या टोकाला, पक्षी सापडणं ही वेगळीच कसरत. फांदी, पान, आकाश, परत फांदी, तोवर पक्षी उडालेला! त्यासाठी एक बटण दिलंय. दाबून धरलं की झूम मागे येतं, पक्षी चौकटीत घेऊन सोडलं की पुन्हा जवळ जातं. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर दोन्हीत नाही, म्हणून कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवायचं.

एसएक्स रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, नंतर हवी तशी सुधारता येते ती) देत नाही, जी७ एक्स देतो. ४के व्हिडिओ मात्र एसएक्समध्येच.

पायवाट:
फोनच ठेवा. नाइट मोड आहे की.

जुनी रीळ:
@पायवाट, नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो घेऊन एकावर एक रचतो. रिकाम्या खोलीचा फोटो झकास येतो, पण लेक तेवढा वेळ थांबेल तर ना.

@खिडकीपाशी, आमचं सगळ्यांचं सोडा. फोनमधले गेल्या दोन महिन्यांचे फोटो चाळा. दिवे लागल्यावरचे किती, दिवसाचे किती, आणि दोन बोटांनी ताणून काढलेले किती?

खिडकीपाशी:
मोजले. एकूण ३१८. लेकीचे २६१, त्यातले १७० दिवे लागल्यानंतरचे, कारण आम्ही दोघं घरी येतोच तेव्हा. खंड्याचे ११, सगळे ठिपके. यादी नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, खंड्याचे कमी आहेत कारण झूम नाही. बिनतोड मुद्दा आहे!

तरी मी जी७ एक्सवर आलेय. ओळखीतली एक ताई तिचा वापरलेला द्यायला तयार आहेत. घेताना काय बघू?

जुनी रीळ:
पाच-सहा वेळा चालू-बंद करा. भिंग बाहेर येताना अडखळतं का, करकरतं का, त्यावरची पाती पूर्ण उघडतात का ते पाहा. मग एफ/११ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. धुरकट ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय. याचं भिंग सुटं होत नाही, तेव्हा ती काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. उघड्या भिंगावर हे ठिपके जाणवत नाहीत, म्हणून एफ/११ विसरू नका.

लेकीसाठी वरचं चाक ‘Tv’ या खुणेवर (यात फोटोचा वेळ आपण ठरवायचा), वेळ १/२५० सेकंद, आयएसओ ऑटो. फोटो थोडा खरखरीत आला तर येऊ दे.

खिडकीपाशी:
बघून आले. भिंग गुळगुळीत चालतं. भिंतीच्या फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात एकच बारीक ठिपका निघाला. ताईंनीच आधी दाखवला, म्हणून घेतला.

नवरा म्हणतोय, तो खंड्याच असणार.