ज्याला विरोध केला, त्याचंच श्रेय घेतलं. याला काय म्हणायचं?

रामबागचे नाना (इंदूर)

मंडळी, मामा-भाच्याचं एक भांडण मिटवून द्या.

भाचा न्यू जर्सीला असतो. रविवारी सकाळी माझ्या पुढ्यात पोहे-जिलबी असते तेव्हा त्याची शनिवारची रात्र, तेवढ्यात फोन होतो. परवा बोलता बोलता विषय बायडेन यांच्यावर गेला. मी म्हटलं, हा गृहस्थ ओबामांचा उपाध्यक्ष असताना फेब्रुवारी २०१० मध्ये टीव्हीवर लॅरी किंगच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात काय म्हणाला आठवतंय? इराक ही आमच्या सरकारच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक ठरू शकते, उन्हाळा संपेपर्यंत नव्वद हजार सैनिक घरी येतील, तिथे स्थिर सरकार येईल. आणि हेच बायडेन जानेवारी २००७ मध्ये काय करत होते? बुश यांनी १० तारखेला पाच जादा ब्रिगेड, म्हणजे वीस हजारांवर सैन्य पाठवतो म्हणून जाहीर केलं. दोन आठवड्यांत बायडेन यांनी आपल्याच अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीत त्याविरुद्धचा ठराव १२ विरुद्ध ९ मतांनी मंजूर करून घेतला. ओबामा, तेव्हा सिनेटर, तर म्हणाले होते की या वीस हजारांनी हिंसा थांबणार नाही, उलट वाढेल.

तुम्ही म्हणाल, इंदूरच्या पेन्शनराला इराकचं एवढं काय? तर २००७ साली मी बँकेच्या महू शाखेत होतो. महिन्याच्या एक तारखेला फौजेतले पेन्शनर सकाळी नऊपासून बाकावर येऊन बसत. एक सुभेदारसाहेब होते, पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वर दोन रबरबँड. काउंटर उघडेपर्यंत ते बाकीच्यांना बगदादचा नकाशा समजावून सांगत, बोटाने, बाकाच्या फळीवर. टायग्रिस नदी म्हणजे फळीतली भेग. ‘साहब, ये अमरीकावाले कैंप में सोते हैं, मोहल्ले में नहीं। मोहल्ले में सोएँगे तब जीतेंगे।’ मी कॅश मोजता मोजता ऐकायचो. पुढे पेपरात तेच वाचलं आणि चाट पडलो.

तर भाचा उखडला. त्याचं म्हणणं, ‘मामा, फौज परत आणली कुणी? ओबामांनी. मग श्रेय त्यांचं. घराचा पाया आजोबांनी घातला म्हणून स्लॅब टाकणाऱ्याने नाव सांगू नये का?’

मी म्हटलं, सांगावं की. पण पाया खोदताना खड्ड्यात उभा राहून ‘खोदू नका’ म्हणून ओरडणारा तूच होतास, हेही सांग.

यावर फोन कट. नेटवर्क गेलं म्हणतो.

मत बदलणं हा गुन्हा नाही, एवढं मला कळतं. पण रेघ ओढायची कुठे?

महूकर (निवृत्त, पायदळ)

नानासाहेब, तुमचे सुभेदार बरोबर बोलत होते. ‘सर्ज’ म्हणजे बुश यांची ही जादा कुमक. ते म्हटलं की लोक फक्त वीस हजारांचा आकडा घेऊन बसतात. आकड्यापेक्षा जागा बदलली हे मोठं. आधी जवान शहराबाहेरच्या मोठ्या तळांवर राहायचे, गाड्यांतून गस्तीला जायचे आणि संध्याकाळी परत. तिथले अमेरिकी सेनापती जनरल पेट्रेयस यांनी त्यांना वस्तीत नेऊन ठेवलं, इराकी पोलिसांबरोबर छोट्या चौक्यांत. बाजारांभोवती, मोहल्ल्यांभोवती सिमेंटच्या उंच भिंती उभ्या केल्या. रात्री दार वाजवून धमकावणाऱ्याला आता कळायचं की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी जागं आहे.

त्याची किंमतही मोजली. २००७ हे अमेरिकी फौजेसाठी त्या युद्धातलं सर्वांत वाईट वर्ष, ९०४ गेले. २००८ मध्ये ३१४.

पण मग सगळं श्रेय बुश यांचं का? तेही नाही. अनबार प्रांतातल्या टोळ्या अल कायदाला कंटाळून अमेरिकनांकडे वळल्या त्या सप्टेंबर २००६ मध्ये, रमादीत. म्हणजे बुश यांच्या भाषणाच्या चार महिने आधी. ऑगस्ट २००७ मध्ये शिया नेता मुक्तदा अल सद्रने आपल्या सशस्त्र टोळीला थांबवलं. आणि बगदादच्या कितीतरी वस्त्यांतून शिया नाहीतर सुन्नी तोपर्यंत हाकललेच गेले होते, मारायला शेजारी उरला नव्हता. हे चार धागे एकत्र वळले तेव्हा दोर झाला. कुठला धागा किती जाड, यावर अमेरिकेतले जाणकार अजून भांडतात.

एक गोष्ट मात्र साफ. भिंती उभ्या राहिल्या त्या राजकारण्यांना समेटासाठी सवड मिळावी म्हणून. सवड मिळाली. समेट अर्धामुर्धा झाला.

जर्सीचा भाचा

मामा, इथेही?

नेटवर्क खरंच गेलं होतं. असो. दोन मुद्दे मांडतो, मग झोपतो.

पहिला. ओबामांनी कबुली दिलीच नाही असं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये, ऐन प्रचारात, फॉक्स चॅनेलवर मुलाखतकार ओ’रायली यांच्यासमोर ते म्हणाले की सर्ज कुणाच्या स्वप्नातही नव्हता इतका यशस्वी झाला. विरोधी चॅनेलवर, निवडणुकीला दोन महिने असताना! आपल्याकडे किती जण बोलतील?

दुसरा. ओबामा इराक युद्धाच्याच विरोधात होते, २००२ पासून. ज्याने आग लावायला नको म्हटलं, त्याने पुढे बंबाच्या पद्धतीवर शंका घेतली तर त्याला लगेच खोटं ठरवायचं का? (बायडेन यांचं वेगळं. त्यांनी २००२ मध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं, २००६ मध्ये इराकचे तीन स्वायत्त भाग करा म्हणाले, २००७ मध्ये सर्ज नको म्हणाले. त्यांचा बचाव मी करत नाही. मामा, तुमच्या स्क्रीनशॉटसाठी हे एकच वाक्य देतोय.)

ग्वाल्हेरकर ताई

भाचेबुवा, तुमचं ‘फौज परत कुणी आणली’ जरा तपासू या.

फौज ३१ डिसेंबर २०११ पर्यंत पूर्ण बाहेर, हे कलम बुश यांच्याच कराराचं. नोव्हेंबर २००८ मध्ये सही झाली, इराकी संसदेने मंजुरी दिली. १४ डिसेंबरला बुश त्याच कराराच्या निमित्ताने बगदादला गेले आणि पत्रकार परिषदेत त्यांच्यावर बूट भिरकावले गेले. दोन. दोन्ही चुकवले. जगाच्या लक्षात बूट राहिले, करार विसरला गेला, त्यामुळे पुढे कुणीही येऊन ‘आम्ही संपवलं’ म्हणायला मोकळा!

खरी गंमत याच्या पुढे आहे. डिसेंबर २०११ मध्ये शेवटचे सैनिक निघाले तेव्हा दिलेला शब्द पाळला म्हणून ओबामांनी ते मिरवलं. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीतही मिरवलं. जून २०१४ मध्ये इराकचं मोसूल शहर इसिसच्या हाती पडलं. ऑगस्टमध्ये पत्रकारांनी विचारलं, फौज सगळी काढून घेतल्याचा पश्चात्ताप होतो का? तर उत्तर असं की हा जणू माझाच निर्णय होता असं लोक धरून चालतात, तो तर आधीच्या सरकारचा करार आणि इराकींची इच्छा. म्हणजे पीक आलं तेव्हा शेत आमचं, टोळ पडले तेव्हा सातबारा बुशच्या नावावर.

नाना, तुम्हाला रेघ हवी होती ना? मला वाटतं ती इथे आहे. यशाच्या दिवशी ज्याने सही आपली म्हटली, त्याला अपयशाच्या दिवशी ती पुसता येत नाही.

जाता जाता एक. रागावू नका, पण तुम्हा इंदूरकरांना हे नवं नसावं. आमच्या महादजी शिंद्यांनी दे बॉयन या युरोपियन सेनानीला हाताशी धरून कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा होळकरांचा भर होता घोड्यावर आणि गनिमी काव्यावर. मग तुकोजींनीही फ्रेंच अधिकारी ठेवून पलटणी काढल्या, आणि १७९३ मध्ये लाखेरीला आमच्याकडून मार खाल्ला. :)

रामबागचे नाना

ताई, लाखेरी काढलीत, मग १८०२ चं हडपसरही काढा. यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा एका दिवसात उधळल्या, त्याही कवायती कंपू घेऊनच. उशिरा शिकलो पण शिकलो! बाकी तुमचं सातबाऱ्याचं वाक्य मी आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर वापरणार. नाव तुमचंच सांगेन, काळजी नसावी.

महूकर, तुमचे चार धागे वाचून माझा एक गैरसमज गेला. मी सगळं माप बुश यांच्या पदरात टाकून बसलो होतो.

तिसरा मजला, डावीकडे

नाना, नमस्कार. ओळखलंत ना? जिन्यात भेटतो आपण रोज.

चर्चा वाचली. फार छान. आता विषय निघालाच आहे तर आपल्या बिल्डिंगच्या हौदाबद्दल चार शब्द लिहाल का? नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून मोठा हौद बांधायचा प्रस्ताव २०१२ च्या सभेत आला होता. इतिवृत्त माझ्याकडे आहे. ‘विनाकारण खर्च, पार्किंगची जागा जाईल, डास होतील.’ बोलणारे कोण? हौद झाला २०१५ मध्ये. तोवर सचिव कोण? आणि गेटपाशी जी संगमरवरी पाटी आहे, त्यावर दुसऱ्या ओळीत नाव कुणाचं?

ज्या जोशीबाईंनी तीन वर्षं घरोघर फिरून वर्गणी जमवली, त्यांचं नाव पाटीवर कुठे सापडलं तर मला कळवा.

जर्सीचा भाचा

झोप उडाली. मामा?????

रामबागचे नाना

काल दिवसभर इथे फिरकलो नाही. खाली जाऊन पाटी पाहून आलो.

इतिवृत्त बरोबर आहे. डासांचं मीच बोललो होतो. जोर जास्त डासांवर दिला, खरं कारण माझ्या स्कूटरची सावलीतली जागा जात होती. हौद झाला तेव्हा मी सचिव, ठेकेदाराच्या मागे उन्हात मीच उभा राहायचो, स्लॅबला पाणी मारलं की नाही हे पाहायला रात्री टॉर्च घेऊन उतरायचो. त्यामुळे पाटीवर नाव आलं ते मला इतकं साहजिक वाटलं की २०१२ ची सभा डोक्यातून गेलीच. लपवली नव्हती हो, गेलीच. बायडेन यांचंही असंच झालं असेल का, हा विचार काल पहिल्यांदा आला. आणि भाच्याच्या स्लॅबवाल्याची थोडी दयाही आली, कारण तो स्लॅबवाला मीच निघालो.

जोशीबाई आता मुलाकडे पुण्याला असतात. संध्याकाळी फोन केला. त्यांना पाटीचं काहीच वाटत नव्हतं, किंवा तसं दाखवलं नाही. म्हणाल्या, ‘नाना, पाणी येतं ना? गाळ काढता का वेळेवर?’ मी हो म्हटलं. दोन वर्षं काढलेला नाही. तिसरा मजला, हे इतिवृत्तात घालू नका.

पाटी कोरणाऱ्याला बोलावलं होतं. खाली चार बोटं जागा आहे म्हणतो. पैसे अक्षरामागे, काना-मात्रा फुकट, जोडाक्षराचे मात्र दोन धरतो. मजकूर असा केलाय: ‘मूळ प्रयत्न: सौ. जोशी. सचिवांचा २०१२ मध्ये विरोध होता.’ भाचा म्हणतो, दुसरं वाक्य कोरलंत तर त्याचे पैसे तो पाठवेल. ताई, महूकर, जोडाक्षरं किती होतात तेवढी मोजून सांगा, तो माणूस उद्या सकाळी येतोय.