धोबी तलाव: बेकऱ्या बघत फिरायचंय, कुठून सुरू करू?

अनघा_ठाणे
नमस्कार मंडळी, शनिवारी मी आणि आई मुंबईत धोबी तलावला जायचं म्हणतोय. मेट्रो थिएटरवरून बसने कितीदा गेलेय पण उतरून नीट कधी बघितलंच नाही. इराणी, पारशी, गोवेकर आणि पलीकडे आपलं गिरगाव, एवढी सगळी माणसं त्या एका चौकाच्या आसपास, तर खात खात ती समजून घेता येतील का असं डोक्यात आहे. कयानी हे इराणी हॉटेल माहितीये, अजून काय? आईला अंडं चालत नाही आणि गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही.

जुना_गिरगावकर
अनघाताई, आधी ग्रँट रोडला उतरा. स्टेशनबाहेर पूर्वेलाच बी. मेरवान हे इराणी हॉटेल, 1914 चं, चालू आहे का ते आधी विचारून घ्या, तिथला मावा केक सकाळीच संपतो म्हणून लवकर पोचा, मग ट्रेनने दोन स्टेशनं पुढे मरीन लाईन्स आणि तिथून मेट्रोच्या चौकात. कयानी 1904 चं, जेर महालच्या इमारतीत. ससानियन 1913 चं, तेही जवळच, आणि खरं सांगू, निवांत बसायला मला तेच जास्त आवडतं. मावा केकमध्ये अंडं असतं, आईंसाठी ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), खारी, नानकटाई घ्या, त्यात सहसा नसतं पण विचारून घ्या. ब्रून चहात बुडवूनच खायचा, नाहीतर दातांना त्रास.
पारशी आणि इराणी दोघांचा धर्म एकच, झरथुष्ट्री, पण पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले आणि हे हॉटेलवाले इराणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आणि त्यानंतर यझ्द, केरमानकडून आले. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून बाकीचे दुकानदार घेत नसत, ती यांनी घेतली असं सांगतात, म्हणून एवढे इराणी नाक्यावर दिसतात.

सांतान_वसई
सगळे इराण्यांपाशीच थांबतात याचं मला फार वाईट वाटतं. कयानीतून बाहेर पडलात की जेर महालच्या वरच्या मजल्यांकडे बघा, तिथे गोवेकरांचे कूड आहेत. एकेका गावाचा एकेक कूड, बोटीवर नोकरी करणारा माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा, भिंतीला लागून पेट्या, एका बाजूला अल्तार म्हणजे देवाची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना. लोकांची राहती जागा आहे, जिना चढून फोटो काढू नका प्लीज. त्याच भागात फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान, 1865 पासूनचं, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे किती वादक होते ते आठवलं की हे दुकान इथेच का ते कळतं. जमलं तर नाताळाच्या आधी परत या, कुलकुल, नेवऱ्या, दोदोल हे गोड पदार्थ त्या दिवसांतच खायचे.

मकरंद_चेंबूर
एक सांगायचं होतं. 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर पालिकेने बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जायला सांगितलंय. धूर कमी व्हायलाच हवा, माझ्या मुलीला दमा आहे त्यामुळे यात मला दुमत नाही, पण पाववाल्यांचा नफा लादीमागे किती असतो, नवीन ओव्हनचे पैसे त्यांनी आणायचे कुठून, त्यांना सरकारी मदत मिळायलाच पाहिजे. गल्लीतल्या साध्या बेकरीतून पण एक लादी घ्या, फक्त नावाजलेल्या ठिकाणी जाऊ नका.

अनघा_ठाणे
खूप धन्यवाद सगळ्यांना! कूड हा प्रकार मला अजिबात माहीत नव्हता. पारशी डेअरी आणि खोताची वाडी त्याच दिवशी होईल का?

जुना_गिरगावकर
होईल की. पारशी डेअरी प्रिन्सेस स्ट्रीटला, 1916 ची, सुतरफेणी घरी न्यायला बरी. त्याच रस्त्यावर वाडियाजी आतशबेहराम हे पारशांचं अग्निमंदिर आहे, 1830 चं, आपल्याला आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. तिथून आईंसाठी सरळ टॅक्सी करा खोताच्या वाडीपर्यंत. वाडीत ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी लाकडी घरं आहेत, हळू बोला, कोणी अंगणात बसलेलं असलं तर आधी नमस्कार करा, ते मराठीतच बोलतील. शनिवारी दुपारी ऊन फार असतं तेव्हा वाडी साडेचारनंतर ठेवा आणि परत जाताना चर्नी रोडवरून गाडी पकडा.