अनुभव धागा : कार्यक्रमाला गेलात आणि नको ते माणूस भेटलं

सिव्हिल लाइन्सवाली
या आठवड्यात घरचं जेवण असं झालंच नाही. सोमवारी चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन (चित्रं सुरेख, चहा पांचट), मग एक पुस्तक प्रकाशन, मग गायक वसंतरावांचा स्मृती समारोह. ३० जुलै आला की आम्हा नागपूरकरांचे पाय आपोआप देशपांडे सभागृहाकडे वळतात. १९८३ ला गेले ते, पण इथं वसंतराव म्हटलं की आडनाव लावावं लागत नाही.

मारवा असा काही जमला की मध्यंतरात कोणाशी बोलूच नये वाटत होतं. कॉफीच्या रांगेत मागून एका आजींनी माझा पदर दोन बोटांत धरून चुरून पाहिला. "करवती ना? अस्सल दिसते."

चेहरा नाही ओळखला, ती बोटं ओळखली. माझ्या 'बघण्याच्या' कार्यक्रमात याच बाईंनी असाच पदर चुरला होता. "गाते म्हणे, गा." मी यमन सुरू केला. अंतऱ्यावर येते न येते तोच त्यांचे यजमान : "पोह्यांवर लिंबू नाही का?" आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप, मुलीचा आवाज पुरुषी आहे.

आता त्याच मला सांगत होत्या, "काय भरदार आवाज आहे हो या गायिकेचा!" मी "हो ना" म्हटलं आणि त्यांच्याही कॉफीचे पैसे दिले. काहून दिले, देव जाणे.

तुमचंही येऊ द्या. नावं घेऊ नका.

धंतोलीकर
लिंबू!!! 😂 ताई, साडीचा फोटो टाका आधी.

महालचा पोट्टा
झाशी राणी चौकातलं जुनं धनवटे रंगमंदिर. बाबा नाटकात शिपाई, वाक्य एकच, "महाराज, दूत आला आहे." तेही विसरले. आणि माझा अर्धा वर्ग प्रेक्षकांत. पुढं वर्षभर मी वर्गात शिरलो की पोट्टे ओरडायचे, दूत आला. परवा रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात पुढच्या रांगेतला एक टकल्या मागं वळून म्हणतो, "महाराज..." उचलून आपटावं वाटलं बे. पण बाबा जाऊन वर्ष नाही झालं, आणि त्यांचं ते नाटक पाहिलेला मला भेटलेला हा एकटाच. कार्यक्रम सुटल्यावर दोघं तर्री पोहे हाणून आलो.

गोकुळपेठ
@महालचा पोट्टा, रात्री तर्री पोहे कुठं मिळाले? खरंच विचारून राहिलो.

दोन डबे एक ऑफिस
कणकेचे हात आहेत, थोडक्यात लिहिते. अजब बंगला. १८६३ चं संग्रहालय, पाहुणे आले की सगळे दाखवायला नेतात. माझ्या कोर्टाच्या तारखा चालू होत्या तेव्हा तारीख झाली की मी लेकाला तिथं न्यायचे. पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर आई रडली तरी कोणी बघत नाही, सगळे वाघाकडे बघतात. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या पाहुण्यांना नेलं आणि त्याच दालनात ते दिसले, नवीन कुटुंबासकट. त्यांची छोटी मलाच विचारते, मावशी, हा खरा वाघ आहे का? कुकर झाला, नंतर येते.

धंतोलीकर
अगं मग काय सांगितलंस??

मॉरिसचा माजी
विषय थोडा वेगळा आहे, पण आमच्या कॉलेजात कवी ग्रेस शिकवायचे. कविता कळली असं मी मित्रांत मिरवायचो. आता निवृत्तीनंतर पुन्हा वाचून राहिलो. अजून नाही कळली. चालू द्या.

भंडारेवाला
साडीचं निघालंच आहे तर, करवती आमच्याकडची. आंधळगाव, मोहाडी. अंग टसरचं, काठाला करवतीसारखे दाते, विणताना तीन धोटे लागतात. अंगाचा एक, दोन काठांचे दोन. पदर चुरून काही कळत नाही. दाते उलट बाजूनं बघा, अस्सल असेल तर तिकडूनही तितकेच साफ दिसतात.

दोन डबे एक ऑफिस
खरा होता म्हटलं. तिनं विचारलं, मग चावायचा? तेवढ्यात वडिलांनी हाक मारली.

सिव्हिल लाइन्सवाली
@दोन डबे, ये गं एकदा घरी. लेकालाही आण.
@भंडारेवाला, उलटून पाहिली, साफ आहेत दाते.
आणि समारोपाचे दोन पास जास्तीचे आहेत. कोण येतं?

गोकुळपेठ
मी. पण तानपुरा लागला की मला झोप लागते, आधीच सांगून ठेवतो.