बर्फात स्पोर्ट्स कार चालवणं हा बेजबाबदारपणा आहे का?

सांजवारा (बर्लिंग्टन, ओंटारियो)

गेल्या शनिवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. आदल्या रात्री बोटभर बर्फ पडून गेलेला. माझी माझ्दा एमएक्स-५ स्पोर्ट्स कार दारात उभी बघून घरच्या यजमानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पदरात लहान मूल आहे आणि अशा हवेत तू ही गाडी काढतेस?" तिळगूळ घेतला, वाण घेतलं, घरी आले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. म्हणून इथे मांडते.

माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन सीटची, वजनाला हजार किलोच्या जरा वर. हा माझा तिच्यासोबतचा चौथा हिवाळा. मी नर्स आहे. रात्रपाळीला सेंट कॅथरिन्सला जाते, म्हणजे आठवड्यातून चार वेळा स्कायवे हा उंच पूल ओलांडते. विचारणाऱ्यांची गाडी उंच आहे, चारही चाकांना ताकद देणारी आहे आणि तिला ऑल सीझन टायर आहेत. माझ्या गाडीला नोव्हेंबरपासून चार विंटर टायर असतात. घसरड्या रस्त्यावर माझी गाडी त्यांच्या गाडीच्या आधी थांबेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक साधी गोष्ट करून बघा. माझे उन्हाळी टायर गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलेत. जानेवारीत त्यांच्यावर नख दाबलं तर प्लास्टिकच्या बादलीवर दाबल्यासारखं वाटतं. गाडीला लावलेल्या विंटर टायरवर दाबलं तर नख रुततं. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी रबर आखडायला लागतं, विंटरचं रबर मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

आता हिशोब. ताशी ५० किलोमीटरने जाताना ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण ०.३ धरलं तर ३३ मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर ते ०.१ वर येतं आणि अंतर शंभर मीटरच्या घरात जातं. या गणितात ताकद किती चाकांना जाते हा आकडाच येत नाही. चारही चाकांना ताकद असली की गाडी जागची निघते छान. थांबायची वेळ आली की सगळ्यांना चारच चाकं आणि चारच ब्रेक.

दोन वर्षांपूर्वी पहाटे पाचच्या सुमाराला स्कायवेवर माझ्यापुढची मोठी गाडी अलगद आडवी झाली. पुलाला खालूनही थंडी लागते, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. डांबर नुसतं ओलं दिसत होतं. मी ॲक्सिलरेटर हळूच सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला. पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवली. तिच्यापासून तीन-चार गाड्यांचं अंतर राहिलं असताना मी थांबले. तो टायर नसता तर आज हे लिहायला मी नसते.

दोष गाडीच्या आकाराला देऊ नका, टायर बघा. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहावं.

उत्तरवारा (बॅरी, ओंटारियो)

ताई, टायरबद्दलचं प्रत्येक वाक्य मान्य. तरीही तुमचा निष्कर्ष मला घातक वाटतो, आणि हे मी स्वतः भोगून सांगतोय.

तुम्ही घसरण्याचा हिशोब मांडलात. बर्फाच्या खोलीचा मांडलाच नाही. मी राहतो तिथे जॉर्जियन बेवरून गार वारा येतो, न गोठलेल्या पाण्यावरून ओल उचलतो आणि आमच्या डोक्यावर आणून ओततो. दुपारी ऊन असतं आणि चार वाजता हायवे ४०० वर समोरचा दिवा दिसत नाही. तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. बर्फ त्याहून जास्त झाला की गाडी पोटावर चढते, चाकं अधांतरी फिरतात आणि तुमचे उत्तम टायर हवेला धरून बसतात.

माझ्याकडे मागच्या चाकांची कूपे होती, चार नवे विंटर टायर होते. रात्री दहाला गल्लीत वळलो. बर्फ बाजूला सारणारा प्लाऊ नुकताच जाऊन आलेला, त्याने गल्लीच्या तोंडाशी ओल्या बर्फाचा बांध घालून ठेवलेला. मी वेग घेऊन त्यावर घातली आणि गाडी त्याच्यावर लटकली. निम्मी मुख्य रस्त्यात. उणे चौदा तापमान, मागून ट्रक येतोय आणि मी फावड्याने गाडीच्या पोटाखालून बर्फ उकरतोय. बायको वळणावर फोनचा टॉर्च हलवत उभी होती. ट्रकवाल्याने वेळेत बघितलं म्हणून निभावलं. पुढच्या आठवड्यात मी ती गाडी विकली.

आणि दुसरी गोष्ट, तुम्ही इतक्या खाली बसता की ट्रकच्या चाकातून उडालेला चिखल थेट तुमच्या काचेवर. त्यालाही तुम्ही दिसत नाही. घरात दुसरी गाडी असेल तर ती न्या, एवढंच म्हणणं.

नेकरकाठ (श्टुटगार्ट)

इथल्या लोकांना हा वाद नवा वाटणार नाही. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर विंटर टायर कायद्यानेच लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण हवीच, नुसतं एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. लोक तोंडी नियम पाळतात तो "ऑक्टोबर ते ईस्टर".

सांजवारांच्या बाजूने इतिहासातला एक दाखला देतो. पोर्शे ९११ ने माँटे कार्लो रॅली लागोपाठ तीनदा जिंकली: १९६८ ला व्हिक एलफर्ड, १९६९ आणि १९७० ला ब्यॉर्न वाल्डेगार्ड. आल्प्सचे घाट, जानेवारीतला बर्फ आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. इंजिन मागे असल्यामुळे वजन नेमकं ढकलणाऱ्या चाकांवर पडतं. अर्थात ते व्यावसायिक होते आणि बर्फावर त्यांच्या टायरना खिळे होते, हेही सांगायला हवं. वळणात घाबरून एकदम पाय काढला तर तीच गाडी शेपूट फेकते.

एमएक्स-५ मध्ये वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं आहे, म्हणून ती जास्त समजूतदार. ताई, तुम्ही १७ इंची चाकांवरच विंटर टायर लावलेत की १६ वर आलात?

सांजवारा

१६ वर. १९५/५०, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद. टायर अरुंद झाला की बर्फ कापून खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. शिवाय बाजूची भिंत उंच झाल्यामुळे खड्ड्यात रिम वाचते.

उत्तरवारा, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. खोलीबद्दल तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. अंदाज दहा सेंटिमीटरच्या वर असेल तर मी गाडी काढत नाही, मैत्रिणीशी पाळी बदलते. नवऱ्याची गाडी असते, पण तोही त्याच वेळी निघतो आणि मुलाला पाळणाघरात तीच गाडी सोडते.

उत्तरवारा

म्हणजे ज्या दिवशी खरा हिवाळा असतो त्या दिवशी ती गाडी घरी. मग ती हिवाळ्याची गाडी कशी झाली? आणि पाळी सुरू झाल्यावर बर्फ पडला तर? पहाटे सेंट कॅथरिन्सहून परत कशा येणार?

सांजवारा

आजवर दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा प्लाऊ जाऊन येईपर्यंत हॉस्पिटलच्या विश्रांतीच्या खोलीत झोपले आणि अकराला निघाले. तेच मी उंच गाडी असती तरी केलं असतं. समोरचं दिसत नसताना कुठल्याच गाडीने हायवेला लागू नये. उंच गाडीतला माणूस निघतो, कारण त्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. बर्फ पडल्यावर खंदकात कुठल्या गाड्या दिसतात ते तुम्हीच आठवा.

जुनीमोटार (माँट्रियल)

दोघांच्या भांडणात तिसरी बाजू कोणीच घेतली नाही: गाडीची.

क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, त्यामुळे टायरचा वाद आमच्याकडे संपलेला आहे. मिठाचा वाद नाही संपलेला. रस्त्यावर मारतात ते साधं खडेमीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही, मग त्यात इतर क्षार मिसळतात. ते चिकट पाणी होऊन गाडीच्या प्रत्येक सांध्यात शिरतं.

माझ्याकडे याच गाडीचं नव्वदच्या दशकातलं मॉडेल आहे. आधीच्या मालकाने सात हिवाळे चालवलेलं. वरून रंग चकचकीत. मी मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीवर अंगठा टेकवला आणि तो आत गेला. विस्कटलेल्या पापडासारखे तपकिरी पापुद्रे हातात आले. छताचं पाणी वाहून जाण्याची बारीक नळी तिथेच उतरते. ती तुंबली की आतून ओल आणि बाहेरून मीठ. नवा पत्रा कापून वेल्डिंग करायला मला अख्खा मे महिना लागला.

ताई, तुम्ही सुरक्षित चालवत असाल, मला शंका नाही. पण अशा गाड्या आता फार बनत नाहीत. हिवाळ्यासाठी एखादी जुनी हॅचबॅक घ्या, तिला चांगले टायर घाला आणि हिला बॅटरीच्या चार्जरला लावून झोपू द्या.

सांजवारा

दर ऑक्टोबरला खालून तेलाचा फवारा मारून घेते आणि त्या नळ्या स्वतः साफ करते, नायलॉनच्या दोरीने. गरम गॅरेजात मुद्दाम लावत नाही. मिठाचा चिखल वितळतो आणि गंज तिथे जास्त वेगाने चढतो.

तरी गंजेल, माहीत आहे. दुसरी गाडी घ्यायची तर तिचा विमा, तिची जागा, तिची दुरुस्ती. आमच्या घरखर्चात ते बसत नाही. आणि खरं सांगू? ही गाडी मला वर्षातले पाच महिने ताडपत्रीखाली ठेवायची नाही. रात्रभर वॉर्डात काढून पहाटे तिचा गिअर हातात येतो तेव्हा मी माणसात येते.

कोकणी_गोथेनबर्ग

सगळे टायर आणि गाडीवर बोलताहेत, चालवणाऱ्यावर कोणी नाही. भारतातलं लायसन्स इथे स्वीडनमध्ये बदलून मिळत नाही, म्हणून रत्नागिरीत वीस वर्षं गाडी चालवलेल्या मला पहिल्यापासून सगळं करावं लागलं. त्यात निसरड्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे. ताशी ५० ने जायचं, मास्तर ओरडले की ब्रेक मारून अडथळा चुकवायचा. पहिल्या वेळी मी त्या अडथळ्याकडेच बघत राहिलो आणि थेट त्याच्यावर गेलो. मास्तरांनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: जिथे जायचं आहे तिथे बघ, हात आपोआप तिकडे जातात. शेपूट उजवीकडे गेली तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि गाडी सरळ व्हायला लागताच लगेच परत.

हे वाचून येत नाही. बर्फ पडल्यावर परवानगी असलेल्या मोकळ्या जागेत वीसच्या वेगाने गाडी घसरवून बघावी. ओंटारियोत असं काही सक्तीचं नाही हे मला खटकतं. उत्तरवारांशी मी जास्त सहमत आहे, कारण सांजवारा अपवाद आहेत. त्यांचं वाचून उद्या कोणी नवशिका अशी गाडी घेईल.

कर्वेनगरकर (पुणे)

नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो, आज लिहितोय. माझा मुलगा मिशिगनमध्ये हॉटनला एमएस करतोय, पहिलाच हिवाळा. ऑगस्टमध्ये त्याने जुनी मस्टँग घेतली. मी विचारलं की म्हणतो, बाबा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो, काळजी करू नका. मला यातलं काही कळत नाही. त्याच्या आईला झोप नाही. नेमकं काय विचारू त्याला?

उत्तरवारा

काका, हॉटनला वर्षाला सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पहिला प्रश्न: टायर कुठले? तो इलेक्ट्रॉनिक कंट्रोल चाकांचा ब्रेक आणि इंजिनची ताकद सांभाळतो, पण रबराची पकडच नसेल तर सांभाळणार काय? मस्टँगच्या काही प्रकारांना कारखान्यातूनच उन्हाळी टायर येतात.

सांजवारा

काका, इथे माझं आणि उत्तरवारांचं एकमत आहे. उन्हाळी टायर असतील तर त्याने एक किलोमीटरही चालवू नये. कडाक्याच्या थंडीत नुसती गाडी हलवली तरी त्या रबराला तडे जाऊ शकतात. टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे का, एवढंच त्याला विचारा. आणि टायर चारही बदलायला सांगा. मागचे दोनच बदलले तर पुढची चाकं ना वळणार, ना थांबणार.

कर्वेनगरकर

आत्ताच व्हिडिओ कॉल केला. तिथे सकाळचे आठ. त्याने चप्पल घालून बाहेर येऊन हाताने बर्फ झटकला आणि फोन टायरला लावला. एकेक अक्षर वाचून दाखवलं. चारही टायर फिरून बघितले. डोंगराची खूण कुठेच नाही. मी म्हटलं, नख दाबून बघ. दाबलं, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

शनिवारी टायरवाल्याची वेळ मिळाली आहे. पैसे मी पाठवतोय. तोपर्यंत कॉलेजला चालत जाणार आहे, वीस मिनिटं लागतात म्हणाला. आईने बुटांचं विचारलं.